कुत्र्याला घेऊन समुद्रावर: दिवसभराच्या सहलींचे तुमचे अनुभव सांगा

आठवडाभर समुद्राकाठी राहणार आहोत. मुलं, सासू-सासरे आणि आमची सात वर्षांची कुत्री मोगरी. तिला मागे ठेवायचं नाही यावर घरात एकमत आहे. मुक्काम ठरलाय, अडलंय ते रोजच्या फिरण्याचं. तुमचं काय जमलं आणि काय फसलं, दोन्ही लिहा.

सुरुवात मीच करते. मागच्या खेपेला आधी ठिकाणं ठरवली आणि मोगरीला त्यात बसवलं. भर अकराला किल्ल्यावर पोचलो, तर दारातच कळलं की कुत्र्यांना आत सोडत नाहीत. बाकीचे आत गेले. मी दोन तास तिला घेऊन झाडाखाली. जीभ लांब लोंबत होती, टोकाला चमच्यासारखी रुंद झालेली. ते बघून पोटात कालवलं. आता आधी फोन करते, पण नुसतं "कुत्रा चालतो का" विचारत नाही. आत कुठपर्यंत, पट्टा लागतो का, बसायला सावली आहे का, ठरावीक वेळ आहे का, सगळं विचारून घेते.

*

जीभ रुंद झाली म्हणजे तिला उन्हाचा त्रास व्हायला लागला होता. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून ते अंग निववतं. आम्ही तळहाताची मागची बाजू वाळूवर टेकवतो. सात सेकंद हात ठेववला नाही, तर कुत्र्याचे पंजेही तिथे टेकू देत नाही. आणि "पाचच मिनिटं" म्हणून गाडीत ठेवू नका हो. बाहेर 24 अंश असलं तरी बंद गाडीत दहा मिनिटांत 34 च्या आसपास होतं, अर्ध्या तासात 43. आमच्यात एक मोठं माणूस कायम कुत्र्यापाशी असतं, पाळीपाळीनं.

*

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय बेत आखू नका. आम्ही आदल्या दिवशी कड्याखालून चालत पलीकडच्या छोट्या पुळणीवर गेलो होतो. निवांत जागा, माणूस नाही, आमचा कुत्रा खंड्या मनसोक्त धावला. दुसऱ्या दिवशी वेळापत्रक न बघताच निघालो आणि तिथेच चुकलो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. त्यात पौर्णिमा होती, म्हणजे उधाण. आमच्या लक्षात येईपर्यंत परतीच्या वाटेवर कमरेएवढं पाणी. बायकोनं मुलीला खांद्यावर घेतलं, मी अठ्ठावीस किलोच्या खंड्याला. लाट आली की तो नखांनी माझी मान धरायचा. त्याच्या छातीचे ठोके मला गालाला लागत होते. बाहेर आल्यावर तो अंग झटकून शेपूट हलवायला लागला, मी मात्र वाळूवर बसूनच राहिलो.

तेव्हापासून ओहोटी लागली की जायचं आणि पाणी तळाला पोचलं की मागे फिरायचं. गळपट्ट्याऐवजी अंगाला बांधायचा, पाठीवर मूठ असलेला हार्नेस घेतला, ओढून काढायला धरता येतो.

*

खारं पाणी! चेंडू आणताना आमच्या चिकूच्या पोटात किती गेलं ते कळलंच नाही. रात्रभर उलट्या आणि जुलाब. डॉक्टरांनी सांगितलं की जास्त मीठ गेलं तर झटकेही येऊ शकतात. आता वाडगं आणि गोडं पाणी भरपूर नेतो, दर पंधरा मिनिटांनी खेळ थांबवून पाजतो. परतल्यावर अंग धुऊन कान कोरडे करतो.

*

वाहून आलेल्या माशांपासूनही लांब ठेवा. फुगणारा मासा मेलेला असला तरी विषारीच, आणि जेलीफिश वाळूवर पडून वाळत आला तरी डसतो. समुद्रकासवांची अंडी घालायची जागा असेल तिथे मी पट्टा सोडतच नाही. आपला कितीही गुणी असो, वास लागला की उकरणार.

*

आमची राणी तेरा वर्षांची आहे, सांधे धरलेत. पहिल्या वर्षी रोज नेलं. तिसऱ्या दिवशी ती दारातून उठेना. मुलं रडकुंडीला आली. आता एक दिवस बाहेर, एक दिवस मुक्कामी. मुक्कामाच्या दिवशी माझी आई तिच्याजवळ थांबते, दोघी दुपारी एकाच पंख्याखाली झोपतात. आईला भर उन्हात फिरायचं नसतंच, पण "तू थांब" म्हणायला आम्ही कचरत होतो. शेवटी तिनंच सांगितलं, "राणीचं मी बघते, तुम्ही निघा." मोगरी सातची आहे म्हणता, तर सलग दोन दिवस लांब नेऊ नका. सकाळी लवकर एक फेरी आणि ऊन उतरल्यावर एक, एवढं तिला पुष्कळ होईल.

*

होडीचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. आम्ही आधी दोन दिवस धक्क्यावर नुसते बसलो, इंजिनाचा आवाज ऐकवला. निघायच्या आधी तीनेक तास पोटभर खायला दिलं नाही. कुत्र्यांचं लाइफ जॅकेट मिळतं, ते घरीच घालून सवय केली. आणि पहिली फेरी सगळ्यात छोटी घेतली. अर्ध्या वाटेपर्यंत आमचा कुत्रा माझ्या पायात थरथरत होता. मग वारा लागला तसं हळूच नाक वर करून हुंगायला लागला.