शेवटच्या माणसाने शेवटचं झाड तोडलं, तर बिघडलं काय?

पाणकावळा: तत्त्वज्ञ रिचर्ड राउटली यांनी १९७३ साली एक कोडं घातलं. पृथ्वीवर एकच माणूस उरलाय. जाता जाता तो दिसेल ते झाड, दिसेल तो जीव संपवत सुटतो. मागे माणूसच नाही, म्हणजे कुणा माणसाचं नुकसान नाही. तरी तो चुकला का? मी म्हणतो, चुकला.

रोकठोक: 'चूक' हा शब्दच माणसाचा. वाघ हरणाची माफी मागत नाही. जंगल राखायचं ते पाणी, हवा, पिकं आपल्याला हवीत म्हणून. एवढं कारण पुरतं की!

पाणकावळा: नाही पुरत. गेल्या आठवड्यात खिडकीच्या चौकटीतलं गांधीलमाश्यांचं पोळं मीच पाडलं, लेकीला डसल्या होत्या. राखाडी कागदासारखं पोळं, उघड्या घरांत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. चप्पल उगारली आणि हात थांबला. माझा त्यात काय फायदा होता?

रोकठोक: ती तुमची दया. तिच्यातून अळीचा हक्क कुठून निघाला?

दप्तरी: हक्क देऊनही पाहिलेत. न्यूझीलंडने २०१७ मध्ये वांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती ठरवलं, तिच्या वतीने बोलायला दोघांची तरतूद केली: एक सरकारचा, एक तिथले मूळ रहिवासी असलेल्या माओरींचा. त्याच वर्षी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला तसाच दर्जा दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. पुरात नुकसान झालं तर भरपाई कुणाकडून मागायची, हा त्यांचा एक सवाल. जुलैत स्थगिती आली. हसू येतं, पण सवाल चोख आहे.

पाणकावळा: तान्ह्या मुलालाही हक्क असतात, त्याच्याकडून कुणी भरपाई मागतं का? कंपनीसुद्धा कायद्यापुढे व्यक्तीच.

रोकठोक: मूल मोठं होतं. कंपनीमागे माणसं असतात, ती दंड भरतात. नदीला धरण नको, हे नदी म्हणाली की तिच्या वतीने बोलणारे? फिरून माणसाचंच म्हणणं.

पाणकावळा: हा मुद्दा मला खोडता येत नाही. तरी इक्वेडोर बघा. २००८ च्या राज्यघटनेत निसर्गाला हक्क दिले, आणि २०२१ मध्ये त्याच आधारावर तिथल्या घटना न्यायालयाने लोस सेद्रोसच्या जंगलातलं खाणकाम रोखलं.

रोकठोक: रोखलं, चांगलंच केलं. तांबं मात्र आपल्याला लागणारच, ते दुसरीकडून खणून काढतील. बाकी, त्या अळ्यांचं काय केलंत?

पाणकावळा: पोळं कुंडीत ठेवलं. तासाभरात मुंग्यांनी नेल्या.

रोकठोक: मुंग्यांचा हात थांबला नाही ना?

पाणकावळा: नाही. मी बराच वेळ बघत उभा होतो.