शाळकरी खेळाडूंचं कन्कशन: न्यूरोसायकॉलॉजिस्ट व्हायचं तर वाट कोणती आणि काम नेमकं काय?

ऋतुजा_पुणे:

मी मानसशास्त्रात एमए करते आहे, शेवटचं वर्ष. न्यूरोसायकॉलॉजिस्ट (मेंदूच्या दुखापतीचा स्मृती, लक्ष आणि वागण्यावर होणारा परिणाम तपासणारा मानसशास्त्रज्ञ) होऊन, खेळताना डोक्याला मार लागून कन्कशन, म्हणजे मेंदूच्या कामात तात्पुरता बिघाड, झालेल्या शाळकरी मुलांबरोबर काम करायची इच्छा आहे. अमेरिकेत यासाठी वेगळी क्लिनिक आहेत, आपल्याकडे हा विषय बहुतेक न्यूरोसर्जनच्या ओपीडीतच संपतो. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१) संगणकावर चाचणी घ्यायची आणि स्कोअर पूर्ववत झाला की खेळायची परवानगी द्यायची, एवढंच हे काम असतं का?
२) अमेरिकेत शिकायचं तर टप्पे कोणते? कुठे अडकायला होतं?
३) भारतात राहून हे करता येईल का? मराठी माध्यमातल्या मुलांसाठी चाचण्या आहेत का?

---

सुलेखा_पिट्सबर्ग:

पहिल्या प्रश्नापुरतं उत्तर देते. संगणकावरची चाचणी हा भेटीतला एक तुकडा आहे. तुम्ही म्हणता ती बहुतेक इम्पॅक्ट, पंचवीसेक मिनिटांची, पिट्सबर्ग विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जन्मलेली. तिला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०१६ साली मान्यता दिली, पण निदानाला मदत म्हणून. निदान माणसानेच करायचं असतं.

मूल क्लिनिकमध्ये येतं तेव्हा साधारण असा क्रम असतो.

आधी मुलाखत, पालकांची आणि मुलाची, थोडा वेळ वेगवेगळी. मार कुठे आणि कसा लागला, त्यानंतर खेळत राहिला का, मार लागण्याआधीचं आणि नंतरचं काय आठवतं. मग पूर्वेतिहास: आधीची कन्कशन, मायग्रेन (घरात कुणाला आहे का तेही), एडीएचडी, वाचनाची अडचण, चिंता, झोप. बरं व्हायला किती वेळ लागेल याचा अंदाज बराचसा इथेच येतो. कॅनडातल्या मुलांच्या आपत्कालीन विभागांत झालेल्या २०१६ च्या मोठ्या अभ्यासातून बारा गुणांची एक मोजपट्टी निघाली. मुलगी असणं २ गुण, वय १३ ते १८ असेल तर २, थकवा २. डोकेदुखी, आवाज सहन न होणं, उत्तरं सावकाश देणं, मायग्रेनचं निदान, आधीच्या कन्कशनची लक्षणं आठवड्याहून जास्त टिकलेली असणं आणि एकामागे एक पाऊल ठेवून उभं राहताना चार किंवा जास्त चुका, यांना प्रत्येकी १. वय ८ ते १२ ला १. बेरीज नऊ किंवा वर गेली, तर महिनाभराने लक्षणं उरण्याचा धोका जास्त. मोजपट्टी पहिल्या ४८ तासांसाठी आहे, तीन आठवड्यांनी आलेल्या मुलाला लावू नका.

नंतर लक्षणांची यादी: बावीस लक्षणं, प्रत्येकाला ० ते ६. बेरजेपेक्षा कुठली लक्षणं एकत्र वर आली आहेत ते बघायचं. चक्कर, धूसर दिसणं आणि गर्दीत अस्वस्थ वाटणं एकत्र असेल, तर डोळे आणि तोलाकडे बघायचं.

त्यासाठी व्हॉम्स ही तपासणी. मुलाच्या डोळ्यांसमोर बोट हळू फिरवायचं, मग दोन बोटांमध्ये नजर झटपट हलवायला लावायची, मग डोकं हलवत एका बिंदूवर नजर ठेवायला सांगायचं. प्रत्येक हालचालीनंतर डोकेदुखी, चक्कर, मळमळ, डोक्यातलं धुकं यांना ० ते १० मध्ये गुण विचारायचे. छोटं अक्षर लावलेली काडी नाकाकडे आणायची, ते अक्षर दोन दिसू लागलं की अंतर मोजायचं. तीनदा मोजून सरासरी. पाच सेंटीमीटरच्या पुढे गेलं तर डोळे एकत्र वळण्यात अडचण आहे. अशा मुलाला फळ्यावरून वहीत उतरवताना डोकं दुखतं, आणि शिक्षकांना तो टाळाटाळ करतोय असं वाटतं.

मग वयाप्रमाणे स्मृती, लक्ष आणि प्रक्रियेचा वेग यांच्या चाचण्या. मुलाने मन लावून प्रयत्न केला की नाही हे तपासणारी एक तरी चाचणी हवीच. ती नसेल तर कमी स्कोअरचा अर्थच लावता येत नाही: तो दुखापतीमुळे आला, झोप न झाल्यामुळे, की मुलाला शाळेत जायची भीती वाटते म्हणून? दुखापतीला सहा आठवडे झाल्यावर शेवटची दोन कारणं जास्त वेळा सापडतात.

आणि अर्ध्याहून अधिक वेळ जातो तो पुढच्या योजनेवर. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगत. आता ते चुकीचं ठरलं आहे. खेळातल्या कन्कशनवर ॲमस्टरडॅमला २०२२ साली झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेच्या मतानुसार पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे रोजचे साधे व्यवहार आणि चालणं चालू, स्क्रीन कमी. त्यानंतर हलका व्यायाम. खेळाकडे परतण्याचे सहा टप्पे, प्रत्येकाला किमान २४ तास:

१. लक्षणं फार वाढणार नाहीत इतपत रोजचे व्यवहार
२. हलका एरोबिक व्यायाम, कमाल हृदयगतीच्या ५५ टक्क्यांपर्यंत, मग ७० टक्क्यांपर्यंत
३. एकट्याने खेळाचा सराव, डोक्याला मार बसण्याची शक्यता नसलेला
४. संघासोबत, पण अंगाला अंग न भिडवता
५. पूर्ण सराव
६. सामना

पहिल्या तीन टप्प्यांत लक्षणं दहापैकी दोन गुणांपर्यंत आणि तासाभरापुरती वाढली तर चालतं. त्याहून जास्त वाढली तर थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. चौथ्या टप्प्याआधी लक्षणं पूर्ण गेलेली हवीत आणि वैद्यकीय परवानगीही हवी. त्याआधी मूल पूर्ण वेळ शाळेत बसू शकतं ना, हे मी नेहमी विचारते. गणिताच्या तासाला डोकं दुखतंय आणि संध्याकाळी फुटबॉलची परवानगी, असं होता कामा नये.

---

मिलिंद_बोस्टन:

सुलेखाताईंनी काम नीट मांडलं आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

टप्पे: पीएचडी किंवा साय.डी., म्हणजे संशोधनापेक्षा प्रत्यक्ष कामावर भर असलेली डॉक्टरेट (पाच ते सहा वर्षं, शेवटचं वर्ष पूर्ण वेळ इंटर्नशिप), त्यानंतर न्यूरोसायकॉलॉजीत दोन वर्षांची पोस्टडॉक (डॉक्टरेटनंतरचं प्रशिक्षण). दोन वर्षांची ही अपेक्षा न्यूरोसायकॉलॉजीच्या प्रशिक्षणावरच्या १९९७ च्या ह्यूस्टन परिषदेपासून रुळली आहे. परवान्यासाठी ईपीपीपी ही परीक्षा, आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. बोर्ड प्रमाणपत्र (या शाखेतल्या तज्ज्ञतेचं) त्यानंतर: कागदपत्रांची छाननी, लेखी परीक्षा, स्वतःच्या केसचे नमुने आणि तोंडी परीक्षा. एमएनंतर सगळं मिळून आठ-नऊ वर्षं धरा.

पीएचडीच्या जागा प्राध्यापकागणिक भरतात, एका प्राध्यापकाकडे वर्षाला बहुधा एकच. फी माफ आणि वर विद्यावेतन, म्हणून चुरस फार. साय.डी.ला प्रवेश तुलनेने सोपा, पण बहुतेक ठिकाणी खर्च स्वतःचा. अर्ज साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतात. 'मला मेंदूत रस आहे' असं लिहून काही होत नाही. त्या प्राध्यापकाच्या मुलांवरच्या कामाशी तुमचा कुठला प्रश्न जुळतो ते लिहा. प्रोग्राम एपीए-मान्य (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेला) आहे का, हे आधी बघा. नसेल तर परवान्याच्या वेळी अडचण येते.

भारतीय विद्यार्थी अडकतात त्या दोन जागा. पहिली, माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांमध्ये न्यूरोसायकॉलॉजीच्या पुष्कळ इंटर्नशिप आणि पोस्टडॉक आहेत, पण त्यांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. इंटर्नशिपची यादी करताना त्या वगळूनच मोजा. दुसरी, विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर कामाची मुभा साधारण बारा महिन्यांची, आणि पोस्टडॉक चोवीस महिन्यांची. क्लिनिकल सायकॉलॉजी सहसा स्टेम यादीत (ही मुभा वाढवून मिळणाऱ्या विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या यादीत) बसत नाही, त्यामुळे मुदतवाढीवर विसंबू नका, आपल्या प्रोग्रामचा कोड विद्यापीठात विचारून घ्या. एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या सोडतीतून सूट असलेली विद्यापीठं आणि त्यांची रुग्णालयं यांच्याकडे पोस्टडॉक मागणं त्यातल्या त्यात बरं. 'दुसऱ्या वर्षाचा व्हिसा तुम्ही प्रायोजित करता का?' हा प्रश्न मुलाखतीतच विचारा, नंतर नको.

आणखी एक मनापासून सांगतो. प्रशिक्षणाच्या काळात फक्त कन्कशन करू नका. अपस्मार, मेंदूतल्या गाठी, अध्ययन-अक्षमता, ऑटिझम, सगळं बघा. कन्कशन म्हणून पाठवलेल्या मुलात आजवर कुणाच्या लक्षात न आलेला डिस्लेक्सिया किंवा नैराश्य निघतं, आणि ते ओळखता आलं नाही तर त्या मुलाला महिनोन्महिने चुकीचे उपचार मिळतात.

कायदाही वाचून ठेवा. वॉशिंग्टन राज्याने २००९ साली झॅकरी लिस्टेड कायदा केला: शंका आली की खेळाडू मैदानाबाहेर, आणि लेखी परवानगीशिवाय परत नाही. २०१४ पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. पण परवानगी कोण देऊ शकतो हे राज्यागणिक बदलतं. पेनसिल्व्हेनियात प्रशिक्षित न्यूरोसायकॉलॉजिस्ट देऊ शकतो, सगळीकडे नाही.

---

वैशाली_ठाणे:

तिसऱ्या प्रश्नाकडे वळते.

भारतात न्यूरोसायकॉलॉजिस्ट असा वेगळा परवाना नाही. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी लागते, नुसत्या एमएवर ते नाव लावता येत नाही. आजवरची वाट दोन वर्षांच्या एम.फिल.ची होती. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद करायचं ठरलं आणि यूजीसीने या विषयासाठी २०२५-२६ पर्यंतच मुभा दिली होती. म्हणून कुठल्याही महाविद्यालयाच्या जाहिरातीवर न जाता आरसीआयच्या संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची चालू यादी बघा आणि मगच पैसे भरा. प्रशिक्षणात न्यूरोसायकॉलॉजीचं काम जिथे भरपूर आहे, अशी संस्था निवडा. बंगळुरूच्या निम्हान्सचं नाव यात आधी येतं.

फक्त कन्कशनवर चालेल अशी नोकरी इथे धरून चालू नका. अपघातातल्या मेंदूच्या दुखापती, अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधीची तपासणी, मुलांच्या अध्ययन-अक्षमता यावर घर चालेल, आणि त्याच्या जोडीला खेळाडू. गरज मात्र खरी आहे. कबड्डीत पकडीच्या वेळी गुडघा डोक्यावर बसतो, फुटबॉलमध्ये हेडरला डोक्याशी डोकं आपटतं, क्रिकेटमध्ये हेल्मेटवर चेंडू बसतो. दहीहंडीत थरावरून पडलेलं मूल मात्र तुमच्याकडे आधी यायचं नाही. उंचीवरून पडणं, वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट येणं, मानदुखी, हातापायात कमजोरी, गुंगी, यातलं काहीही असेल तर थेट आपत्कालीन विभाग. सीटी स्कॅन रक्तस्राव बघण्यासाठी असतो. तो स्वच्छ आला म्हणजे कन्कशन नाही, असं होत नाही. पालकांना हे वाक्य दोनदा सांगावं लागतं.

चाचण्यांबद्दल. निम्हान्सची मुलांसाठीची बॅटरी (चाचण्यांचा संच) आहे, ५ ते १५ वयासाठी, भारतीय मानकांसह (म्हणजे त्या वयाच्या भारतीय मुलांचे गुण तुलनेला दिलेले). पाश्चात्त्य चाचण्यांचे अमेरिकी मानक मराठी माध्यमाच्या मुलाला लावले तर तो उगाच कमी दिसतो, आणि ती तूट दुखापतीच्या खात्यात जमा होते. त्यापेक्षा त्याच मुलाला तीन-चार आठवड्यांच्या अंतराने समांतर प्रतींवर (तितक्याच अवघड, पण वेगळ्या प्रश्नांच्या) पुन्हा तपासा, दुखापतीआधीच्या गुणपत्रिका मागवा, वर्गशिक्षकांशी फोनवर बोला.

स्कॅट ६ (१३ वर्षं आणि पुढे) आणि चाइल्ड स्कॅट ६ (८ ते १२) ही मैदानाजवळ वापरायची साधनं, पहिल्या तीन दिवसांत सर्वांत उपयोगी. त्यात दहा शब्द ऐकवून तीनदा म्हणायला लावतात आणि किमान पाच मिनिटांनी पुन्हा विचारतात. या यादीचं घरी बसून भाषांतर करू नका. यादीत सॅडल आणि अँकर आहेत. खोगीर शहरातल्या मुलाने ऐकलेलं नसतं, आणि नांगर म्हटलं की त्याला शेत दिसतं. ओळखीच्या, दोन-तीन अक्षरी, परस्परांशी संबंध नसलेल्या शब्दांची यादी आधी निरोगी मुलांवर तपासून घ्यावी लागते. हे कुणी व्यवस्थित केलं, तर एमएच्या प्रबंधासाठीच फार चांगलं काम होईल.

शाळेच्या योजनेत इथे एक गोष्ट सुटते. शाळेला सांगून अर्धा दिवस मिळवतो, आणि मूल संध्याकाळी तीन तास क्लासला बसतं. दहावीचं वर्ष असेल तर हमखास. म्हणून शाळा, क्लास, गृहपाठ आणि मोबाइल यांचे तास एका कागदावर लिहून घ्या आणि एकूण तासांतून कपात करा.

---

ऋतुजा_पुणे:

तिघांचेही आभार. प्रबंधाचं मार्गदर्शकांशी बोलते. एक राहिलं: एका क्रीडा प्रबोधिनीत हंगामाआधी सगळ्यांची बेसलाइन चाचणी (दुखापतीआधीची, पुढे तुलनेला ठेवायची) घ्यायची चर्चा आहे. मदत करू का?

---

सुलेखा_पिट्सबर्ग:

करा, पण बेसलाइन सक्तीची नाही, हे त्यांना सांगून. ती चुकीची घेतली तर नसलेली बरी. चुकते ती अशी: तीस मुलं एका खोलीत, शेजारचा हसतोय, लॅपटॉपवर माउसऐवजी टचपॅड. प्रतिक्रियेचा वेग त्यानेच बिघडतो. काही मुलं मुद्दाम कमी गुण घेतात, म्हणजे मार लागल्यावर फरक दिसणार नाही. छोटे गट, शांत खोली, माउस, सराव करून थकल्यावर लगेच नाही, आणि आदल्या रात्रीची झोप नोंदवलेली. निकाल ग्राह्य नसावा अशी खूण अहवालात आली तर चाचणी पुन्हा घ्या. वाढत्या वयात दोन वर्षांपूर्वीच्या स्कोअरला फारसा अर्थ उरत नाही, म्हणून दरवर्षी.

त्यांच्याकडे वेळ आणि पैसा एकाच गोष्टीपुरता असेल, तर तो प्रशिक्षकांच्या शिकवणीवर घालवा. डोक्याला मार लागलेलं मूल त्याच दिवशी परत मैदानात उतरवायचं नाही आणि घरी एकटं सोडायचं नाही, एवढं त्यांना पक्कं झालं पाहिजे. पहिल्या चोवीस तासांत पालकांनी काय बघायचं त्याचं मराठीतलं एक पानी पत्रक प्रत्येक प्रशिक्षकाच्या बॅगेत असू द्या, वैशालीताईंनी वर दिलेली धोक्याची लक्षणं आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर ठळक छापून.