मदत हवी आहे: २४ व्होल्टच्या जुन्या बसला मोठ्या आवाजाचा हॉर्न

नमस्कार मंडळी. मी तासगावचा. शाळेची जुनी बस घेऊन तिचं फिरतं घर केलंय, बदलाची नोंद आरसीवर रीतसर करून घेतलीय. अडचण हॉर्नची आहे.

गेल्या आठवड्यात सांगली रस्त्याला पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, टेप फुल्ल. चारदा हॉर्न दिला, त्याच्या कानापर्यंत गेलाच नाही. गाडी बाहेर काढली आणि तो उजवीकडे वळायला लागला. ब्रेक लागला, पण ट्रॉलीबाहेर आलेले ऊस काचेला घासत गेले. आई मागच्या बर्थवर होती. संध्याकाळपर्यंत तिचे हात कापत होते.

गाडीला एअर ब्रेक आहेत. एक फिटर म्हणतो, ब्रेकच्या टाकीवरूनच नळी काढून एअर हॉर्न बसवू. मला पटत नाही. तिथं गळती लागली तर ब्रेकचीच हवा जाणार, आणि आम्हाला तर पसरणी घाट उतरायचा असतो. प्रोटेक्शन व्हॉल्व्ह (हॉर्नकडे गळती झाली तरी ब्रेकची हवा राखणारी झडप) घालून कुणी असं जोडलंय का? की २४ व्होल्टचा वेगळा छोटा कॉम्प्रेसर आणि रिले (हॉर्नच्या बटणावर चालणारा, जास्त करंट झेलणारा स्विच) बरा?

केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे कर्कश किंवा अनेक सुरांचा हॉर्न चालत नाही, आणि मलाही तसला नकोच. सायकलवरची पोरं दचकून पडतील. एकाच सुराचा, खर्जातला, पण लांब जाणारा हवा. नियमात बसणारा कुणी बसवला असेल तर सांगा. सांगली, कराडकडचा खात्रीचा ऑटो इलेक्ट्रिशियनही सुचवा.