पोकेइराच्या दरीतली गावं "मूरिश बिरिश काही नाहीत" म्हणे

बारमाही
परवा ट्रिपच्या फोटोंखाली एकाने लिहिलं होतं, "स्पेनमधल्या अल्पुहारा भागात, पोकेइराच्या दरीतली पांपानेइरा, बुबियोन, कापिलेइरा ही तीन गावं बघितली. छान आहेत, पण मूरिश बिरिश काही नाही, ते पर्यटनवाल्यांनी चिकटवलेलं लेबल आहे. मूर लोकांना, म्हणजे तिथल्या मुसलमानांना, १५७० नंतर हाकललं आणि उत्तरेकडून ख्रिश्चन आणून बसवले, आता दिसतात ती त्यांचीच घरं." खाली सगळ्यांनी अंगठे दाखवलेत, बरोब्बर म्हणून. मला रात्री झोप लागली नाही म्हणून इथे लिहितेय.

मी ग्रानादात दोन वर्षं होते, सुट्टी मिळाली की बस पकडून वर जायचे. हाकललं हे खरंच आहे. मूर लोकांचं ग्रानादाचं राज्य १४९२ ला ख्रिश्चन राजांपुढे पडलं, मग सक्तीचं धर्मांतर, मग १५६७ च्या फर्मानाने अरबी भाषा, पोशाख, हमाम सगळ्यावर बंदी, आणि १५६८ च्या नाताळात याच डोंगरात बंड पेटलं. ते चिरडल्यावर मोरिस्को लोकांना, म्हणजे या बाटवलेल्या मूर लोकांना, घरादारासकट उठवून उत्तरेकडे कास्तिलात पांगवलं. माणसं गेली, कबूल. पण गाव म्हणजे नुसती माणसं आणि भिंती का? त्या गावांत पाणी कसं येतं ते बघितलंत का कुणी? पांपानेइराला तर एका गल्लीच्या मधोमध पाट वाहतो, फोटो काढताना सगळे त्याच्यावरूनच उड्या मारतात.

वर तीन हजार मीटरच्या पुढे बर्फ वितळतो, ते पाणी पाटाने आडवं नेतात आणि ठरलेल्या जागी मुद्दाम डोंगरात सोडून देतात. मुरू देतात. ते काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी खालच्या झऱ्यातून निघतं, म्हणजे नेमकं उन्हाळ्यात, जेव्हा वर बर्फ उरलेला नसतो. डोंगरालाच टाकी केलंय. ही अक्कल मूर लोकांची. पाटाला तिथे असेकिया म्हणतात, तो अरबी साकिया, आपल्या गझलेतल्या साकीच्याच धातूतला. आता सांगा, लेबल कुणी चिकटवलं?

निळीशाई
तो प्रतिसाद माझाच होता, तेव्हा मीच उत्तर देतो. शब्द अरबी आहे म्हणून गाव मूरिश होत नाही. आपण तारीख, हवा, किताब म्हणतो म्हणून पुणं अरबी झालं का? चपटी मातीची छतं जिथे पाऊस कमी तिथे जगभर आहेत. आणि नावंच बघा, पांपानेइरा, कापिलेइरा, ही -एइरा वाली नावं सरळ स्पेनच्या वायव्येकडच्या गालिसियातली आहेत, जिथून नवे लोक आणले तिथली. ज्याच्यासाठी लोक बस भरून येतात ती पांढरी घरं? चुना तिथे सर्रास लागायला लागला तो खूप नंतर, आधी घरं दगडमातीच्या रंगाचीच होती. म्हणजे फोटोत जे "मूरिश" दिसतं तेच मूर लोकांनी कधी पाहिलं नाही.

बारमाही
चुन्याचं बरोबर आहे, त्यात वाद नाही. नावांचं साफ चूक. ही नावं नवे लोक यायच्या आधीपासूनची आहेत. मूर राजवटीत राहणारे ख्रिश्चन लॅटिनमधून निघालेली जी बोली बोलायचे तिच्यातली ती. तीच गोष्ट फेर्रेइरोला गावाची. गालिसियाचा संबंध लोकांनी मागाहून जोडलाय, आणि तुम्ही तोच पुढे ढकलताय.

खानदेशी_वांगं
मला त्या छतांबद्दल बोलायचंय. फोटो बघून मी उठून बसलो कारण ते आमचं धाब्याचं घर आहे! चेस्टनटच्या तुळया, वर फळ्या नाहीतर बोरू, त्यावर सपाट दगड, त्यावर राखाडी माती चोपलेली, लाउना म्हणतात तिला. आमच्याकडे सागाचे सर, किलचन, निंबाचा पाला आणि वर खारी माती. आजोबा मृगाच्या आधी धाब्यावर चढून नवी माती पसरायचे, आम्ही पोरं टोपल्या पोचवायचो. उन्हाळ्यात आत असा गारवा की पंखा लागायचा नाही. २००९ ला चुलत्यांनी ते पाडून स्लॅब टाकला आणि आता मे महिन्यात घरात बसवत नाही. त्या गावांनी छतं जपली आणि आपण घालवली, याचं मला फार वाईट वाटतं.

उंबरठा
धाब्याचं कौतुक नेहमी पुरुषच का करतात हे मला एकदा कुणीतरी सांगा. आमचंही होतं, जळगावकडे. पावसात रात्री दोनला आई उठून परात, तपेली, घमेलं, मिळेल ते गळणाऱ्या जागेखाली ठेवायची आणि बाळंतीण वहिनीची खाट या भिंतीकडून त्या भिंतीकडे ओढायची. उंदीर, विंचू, वरून सतत माती पडायची म्हणून भाकरी झाकून थापायची. वडिलांनी स्लॅब टाकला तेव्हा आई रडली, आनंदाने. तुम्ही टोपल्या पोचवल्यात, सारवायला कोण होतं?

खानदेशी_वांगं
ताई, गळायचं कारण माती वेळेवर टाकली नाही हे आहे. दोष धाब्याचा नाही, आळसाचा आहे.

उंबरठा
माझ्या वडिलांना आळशी म्हणायचं नाही. पाच एकर कोरडवाहू आणि वर्षातून चार महिने दुसऱ्याच्या शेतावर, त्यांनी माती कधी टाकायची? शब्द मागे घ्या.

निळीशाई
धागा अंदलुसियाचा, दक्षिण स्पेनचा आहे हो. प्रत्येक गोष्ट फिरून खानदेशात आणायलाच हवी का?

खानदेशी_वांगं
मागे घेतला शब्द. ताई, माफी मागतो, वडिलांबद्दल बोलायला नको होतं. पण निळीशाई, खानदेश आणला तर तुम्हाला एवढं का झोंबलं? ज्याने छतावर माती चोपलीय त्यालाच त्या छतातलं कळतं. तुम्ही खालून फोटो काढलात.

तिसरी_घंटा
मी गेल्या वर्षी बुबियोनला आठवडाभर राहिलो, घरमालकिणीने दाखवलं की त्यांच्या लाउनाखाली आता प्लास्टिकचा कागद आहे. गळू नये म्हणून. ती तीन गावं १९८२ पासून संरक्षित आहेत, बाहेरून रूप बदलता येत नाही, म्हणून वर माती दाखवायची आणि खाली कागद. उंबरठाताईंचं म्हणणं त्यांनाही पटलेलंच आहे म्हणा. पण एक सांगतो, त्या छतावर मिरच्या आणि अंजीर वाळत होते, आणि वरच्या गल्लीतून चालताना खालच्या घराचं छत अगदी पायाशी येतं. धुराडी गोल, डोक्यावर पाटीचा (स्लेटचा) दगड. आणि दोन घरांच्या मधून रस्त्यावर तुळया टाकून वर खोली बांधलेली असते, तिनाओ म्हणतात, खाली सावलीत म्हातारी माणसं बसलेली. असली गावं मी पलीकडे मोरोक्कोत अ‍ॅटलासच्या डोंगरात बघितलीत, त्यामुळे "काही नाही" हे मलाही पटत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. त्या गल्लीतली निम्मी दारं कुलूपबंद होती. मालक बाहेरचे, भाडं रात्रीवर. शिकून गेलेली पोरं परत येत नाहीत. मूरिश की ख्रिश्चन हा वाद घालणारे आपण सगळे पर्यटक, आणि पाट साफ करायला माणूस नाही.

निळीशाई
हेच तर! त्याच भागातल्या त्रेवेलेसला जा, १४७६ मीटरवर गाव, आणि प्रसिद्ध कशासाठी? हॅमसाठी. १८६२ मध्ये राणी इसाबेल दुसरीने शिक्का दिलेला. डुकराच्या मांड्या छताला टांगलेलं गाव तुम्ही मूरिश म्हणणार? वालोरला सप्टेंबरात मूर विरुद्ध ख्रिश्चन लुटुपुटीची लढाई होते, शेवटी मूर राजा हरतो आणि ख्रिश्चन होतो. गावकरी स्वतःला कुठल्या बाजूचे समजतात ते तिथे कळतं. बारमाही, दोन वर्षं राहिलात म्हणून इतिहासाचा ठेका तुमच्याकडे आलेला नाही.

बारमाही
ठेका कुणी मागितलाय? वालोरचंच म्हणताय ना, बंडाचा राजा अबेन हुमेया वालोरच्याच घराण्यातला, बाप्तिस्म्याचं नाव फेर्नांदो दे वालोर. त्या लढाईत गाव आपल्याच मुलाला दरवर्षी हरवतं. मी ती बघितलीय आणि मला हसू आलं नाही.

आणि तुम्ही पुराव्याचं बोलताय म्हणून सांगते. मोरिस्कोंना उठवल्यावर राजाच्या माणसांनी गावोगाव वह्या केल्या, घरं किती, तुतीची झाडं किती (रेशीम हाच तिथला पैसा होता), पाणी कुणाला किती वेळ. नव्या माणसांना जमिनी वाटायच्या तर हे लागणारच. आणि माहिती कुणाकडून घेणार, तर ज्यांना ती जमीन माहीत होती त्यांच्याकडून. म्हणजे ज्यांना हाकललं त्यांच्याच पाण्याच्या पाळ्या नव्यांना नेमून दिल्या. प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबं पाट शिकवायला मागे ठेवली अशी गोष्ट तिथे सांगतात, ती तुम्ही धरू नका, वह्या धरा.

एक प्रसंग सांगते. कापिलेइराच्या वर एक आजोबा पाटावर आले, सत्तरी पार, पायात रबरी बूट. घड्याळ बघितलं. पाटीचा दगड उचलला, कुदळीने गवताचं ढेकूळ खरवडून पाटाच्या पुढच्या तोंडात दाबलं, वर बुटाने दोनदा दाबलं, आणि पाणी वळून त्यांच्या बटाट्याच्या वाफ्यात शिरलं. मग कडेला बसून पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचतंय का बघत राहिले. माझ्या मामांनी बारं देताना जसं बसायचं तस्संच. मी विचारलं तर म्हणाले, माझी पाळी दोन तास, वडिलांचीही हीच होती. मूर हा शब्द ते बोलले नाहीत, त्यांना गरजच नव्हती.

उंबरठा
हे वाचून मात्र गलबललं. छताबद्दल माझं मत बदलणार नाही.

निळीशाई
वह्यांचा मुद्दा मला माहीत नव्हता. पाण्याचं मान्य करतो, पाटापुरतं मूरिश म्हणा. घरांचं नाही, आणि "मूरिश गाव" ही पाटी तर नाहीच. फोटोखालचं वाक्य सुधारतो, "काही नाही" काढतो. पण ज्यांनी १५७० नंतर ते गाव साडेचारशे वर्षं टिकवलं, थंडीत उपाशी राहून, त्यांचं नाव कुणी घेत नाही, त्याचा मला राग आहे आणि तो राहणार. माझे आजोबा धरणाखाली गेलेल्या गावातून उठून दुसऱ्याच्या गावात राहायला गेले. तिथे त्यांना मरेपर्यंत "बाहेरचे" म्हणायचे. नंतर आलेल्याला कुणी मालक मानत नाही.

बारमाही
हे आधी लिहिलं असतंत तर मी एवढी भांडले नसते. त्यांनी पाट बुजू दिला नाही, हे त्यांचंच.

तिसरी_घंटा
बुजायला लागलेत पण. पाटकरी म्हातारे झाले. ग्रानादा विद्यापीठातली पुरातत्त्वाची मंडळी २०१४ पासून गावकऱ्यांना आणि स्वयंसेवकांना घेऊन बंद पडलेले पाट उपसतायत, सुरुवात कान्यार गावापासून झाली. मला पुढच्या वर्षी जायचंय, नुसतं फोटोला नाही, घमेलं उचलायला. कधी जावं?

बारमाही
बर्फ वितळायच्या आधी पाट साफ लागतो, म्हणजे वसंताच्या सुरुवातीला. हातमोजे ने, पाटीच्या दगडाच्या कडा कापतात. आणि पहिलं पाणी सोडतील तेव्हा पुढे पळू नकोस, गाळ आणि काटक्या घेऊन येतं ते, बाजूला उभा राहा.