मदत हवी: जिनिंगच्या पेजिंगला (हॉर्नवरून पुकारायच्या यंत्रणेला) लाइन एक्स्टेंडर जोडला, आवाज कमी अन् भुणभुण जास्त

नमस्कार मंडळी,

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी वायरमन आहे. ऑफिसात १०० व्होल्ट लाइनचा (लांब तारेवर बरेच हॉर्न चालवायची पद्धत) २५० वॅटचा ॲम्प्लिफायर. त्यावर जिन हॉल, प्रेस आणि वजनकाटा मिळून १२ हॉर्न, सगळे १५ वॅटच्या टॅपवर (हॉर्नच्या ट्रान्सफॉर्मरवर किती वॅट घ्यायचे ती जोडणी). तीन हंगाम कटकट नाही. यंदा मालकानं कापूस उतरवायला रस्त्यापलीकडं आवार घेतलं, केबलच्या वाटेनं ७०० मीटर. तिथं ८ हॉर्न पाहिजेत. गाड्या पुकारायच्या असतातच, पण गंजीत धूर दिसला तर ओरडून कोणाला ऐकू जाते?

पुरवठादारानं लाइन एक्स्टेंडर (पेजिंगची लाइन पुढं वाढवायचा डबा) दिला, म्हणे कोणत्याही पेजिंगला चालते. प्रेसजवळच्या शेवटच्या हॉर्नवरून जोड काढून त्याच्या इनपुटला दिली, पलीकडं छोटा ॲम्प्लिफायर ठेवला. आता आवारात 'एमएच बत्तीस' एवढंच कळते, पुढचे आकडे फाटून जातात. जेवणाच्या सुट्टीत जिन थांबले की भुणभुण स्पष्ट ऐकू येते. डबा हाताला गरम लागून राहिला. सोबतच्या कागदावर 'हँडसेट स्टेशनच्या पेज लाइनसाठी' असं आहे.

मालक म्हणतात, डबा फेक, सरळ वायर ओढून ८ हॉर्न जुन्याच ॲम्प्लिफायरवर टाक. काय करू?

प्रतिसाद १

भाऊ, आधी ती जोड काढा. तो डबा वेगळ्या जातीच्या यंत्रणेचा आहे. तिथं प्रत्येक हँडसेट स्टेशनात स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो आणि तारांमधून फक्त बारीक सिग्नल फिरतो. तुम्ही त्याच्या तोंडात स्पीकरचे १०० व्होल्ट कोंबले. फाटणार नाही तर काय!

मालकांचा हिशेबही बसत नाही. १२ हॉर्नचे १८० वॅट, वर ८ चे १२०, झाले ३००. ॲम्प्लिफायर २५० चा. शिवाय दीड चौरस मिमी तांब्याच्या तारेत ७०० मीटर जाऊन-येऊन, म्हणजे १४०० मीटरला, साधारण १७ ओहम जातात. १२० वॅटचा भार ८३ ओहमचा, म्हणजे हॉर्नपर्यंत ८३ व्होल्टच पोचतील आणि ताकद ३० टक्क्यांनी पडेल. (हा भार मल्टिमीटरनं मोजू नका, तो हॉर्नमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचाच रेझिस्टन्स दाखवतो. आवाजाच्या सिग्नलला होणारा अडथळा मोजणारा इम्पीडन्स मीटर लागतो.)

ऑफिसच्या ॲम्प्लिफायरला लाइन आउट (बारीक सिग्नल बाहेर काढायची जागा) असेल. तिथून ६०० ओहमचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना न जोडता सिग्नल पुढं देणारा), मग पीळ दिलेली शील्डवाली (वरून धातूचं आवरण असलेली) तारांची जोडी, आणि आवारात १५० वॅटच्या वरचा १०० व्होल्टचा ॲम्प्लिफायर. शील्डचं अर्थिंग एकाच टोकाला.

धागाकर्ता

लाइन आउट आहे, मागच्या बाजूला धुळीत दडलं होतं. ट्रान्सफॉर्मर लावून पाहिला, नंबर पूर्ण ऐकू आला! भुणभुण मात्र थोडी राहिली. जोडी मोटारींच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून गेली आहे, त्याच्यानं का?

प्रतिसाद १

त्याच्यानंच. वेगळ्या वाटेनं न्या, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. खांबावरून नेणार असाल तर दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारा) हवाच, आपल्याकडची मृगाची वीज माहीतच आहे. आणि आवारातल्या ॲम्प्लिफायरला बॅटरी द्या. आग लागली की आपण पहिले मेन स्विचच पाडतो.

धागाकर्ता

बॅटरीचं डोक्यातच नव्हतं आलं. सोमवारी जोडी खांबावर चढवतो, मग सांगतो.