जुना पीसी हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी तुम्ही काय तपासलंत?

जुना डेस्कटॉप अडकायला लागला की ठरलेला सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारून घ्या," म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. थोडे दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे विंडोजच्या आधी ऊन, धूळ आणि वीज तपासावी, असं माझं ठाम मत आहे. ज्यांनी घरी, दुकानात, शाळेत जुनी मशीनं चालती ठेवलीत त्यांनी लिहा. नुसतं "साफ केलं, चालू झालं" नको. मशीन कधी अडकायचं, दोष कशावरून कळला, तेही सांगा.

सुरुवात मी करतो. जळगावच्या घरी आमचा पीसी मे महिन्यात दुपारी गोठायचा, सकाळी मात्र काही तक्रार नसायची. बाहेर ४४-४५ अंश असले की स्लॅबखालची खोली चाळिशीला टेकते. प्रोसेसरचा पंखा खोलीतलीच हवा मारतो, तिला थंड करत नाही. खोली जेवढी तापेल, साधारण तेवढाच प्रोसेसरही वर जातो. प्रोसेसरचं तापमान दाखवणारा 'कोअर टेम्प' हा मोफत प्रोग्राम टाकला, तर नुसतं एक्सेल उघडं असताना आकडा ८० च्या वर! हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा त्याच्यावरचा धातूचा ठोकळा, उतरवलं तेव्हा दोघांमधल्या जुन्या थर्मल पेस्टची कोरडी खपली निघाली. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ती पुसली, लहान वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली. हीटसिंकच्या चारही पिना 'टक्' वाजेपर्यंत दाबा. एक जरी अर्धवट राहिली तरी हीटसिंक एका बाजूने उचललेलं राहतं आणि केलेलं काम वाया जातं.

दोंडाईचा, जिनिंगमध्ये हिशेब लिहितो

आमच्याकडे धुळीपेक्षा कापसाचे तंतू जास्त. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की कॅबिनेट भरायला लागतं. पंखा फिरताना दिसतो, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण तंतू अडकतात पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या पात्यांवर. पंखा काढला तर तो सबंध थर दोन बोटांनी एका तुकड्यात उचलला. आता कॅबिनेट जमिनीवर नाही, स्टुलावर असतं. सीझनमध्ये दर महिन्याला बाहेर नेऊन ब्लोअर मारतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती पेनाने अडवून धरा. वाऱ्याने तो भलत्या वेगात फिरला तर बेअरिंग जातं.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

माझा अनुभव उन्हाशी संबंधित नाही. मशीन अडकलं की मी आधी माउस हलवतो आणि कीबोर्डवरचं नम लॉक दाबून बघतो. माउसचा बाण हलत नाही, नम लॉकचा दिवाही बदलत नाही, तर बहुधा उष्णता, रॅम किंवा वीज. बाण हलतोय पण काही उघडत नाही, आणि कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा एकसारखा पेटलेला, तर डिस्कवर संशय घ्यायचा. आमच्या पीसीचं हे दुसरं होतं. कान लावला तर आतून थांबून थांबून टक-टक आवाज. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या 'क्रिस्टलडिस्कइन्फो' प्रोग्रामने पिवळा इशारा दाखवला. पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कला धड वाचता न येणाऱ्या जागा, वाढत चालल्या होत्या.

इथे एक कळकळीने सांगतो. अशा वेळी फॉरमॅट नको, आणि चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधली डिस्क तपासणी, तीही लगेच चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला सगळे सेक्टर वाचायला लावलं तर ती त्यातच बसते. आधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे घ्या. आमच्या नातवंडांचे बारशापासूनचे फोटो त्यात होते. ते सगळे उतरवल्यावरच मशीन बंद केलं. नंतर हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी (चिपवाली वेगवान डिस्क) बसवली, आणि तोच जुना पीसी आता अर्ध्या मिनिटात उघडतो.

शहादा, शिक्षक

शाळेच्या लॅबमध्ये दोष बहुतेक वेळा रॅमचाच निघतो. पट्टी काढायची, सोनेरी दातांवर पांढरं खोडरबर हलकेच फिरवायचं, कचरा झटकून परत बसवायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून मशीन चालवून बघा, दोषी कोण ते कळतं. रात्रभर 'मेमटेस्ट' हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवला आणि एक जरी एरर आली, तरी ती पट्टी बाजूला ठेवतो.

सावदा, केळीचा शेतकरी

घर मळ्यात. एकाच डीपीवर आजूबाजूचे पंप. पंप सुरू झाले की बल्ब पिवळा पडतो आणि पीसी जागच्या जागी थिजतो. मल्टिमीटर लावला तर १७५ व्होल्ट. मेकॅनिकने आधी विंडोज बदललं, काही फरक पडला नाही. दुसऱ्याने कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे छोट्या डब्यांसारखे उभे भाग, दाखवले: डोकं सपाट असायला हवं, तिथे दोन फुगलेले आणि एकातून तपकिरी चिकट बाहेर आलेलं. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांमध्ये हा दोष फार, असं तो म्हणाला. दोन्ही बदलले, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा कॅबिनेटमधला डबा) नवा घातला, पीसीच्या आधी स्टॅबिलायझर लावला. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका, वायर काढल्यावरही आत करंट साठलेला असतो. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग बघून घ्या, ते टाळू नका.

धुळे, ई-सेवा केंद्र चालवते

पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत बाहेर रांग आणि आत मशीन अडकलेलं, हे मी सोसलंय. चार जीबी रॅम, त्यात ब्राउझरचे पंधरा टॅब! टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९५ टक्के दिसली की दोष मशीनचा नाही, रॅम वाढवायची. विंडोज ७ वर क्रोमची नवी आवृत्ती १०९ नंतर येतच नाही, त्यामुळे काही पोर्टल नीट चालत नाहीत. त्याला हँग समजून भलतीकडे पैसे घालू नका, दादा.

चाळीसगाव, दुरुस्तीचं दुकान

वरचं सगळं वाचलं. फॉरमॅट आम्ही का सुचवतो तेही ऐका. गिऱ्हाईक येतं, "मशीन अडकी जास भो" एवढंच सांगतं आणि संध्याकाळी परत मागतं. दुकानात कूलरसमोर, चांगल्या व्होल्टेजवर ते मशीन अडकतच नाही. मग दोष शोधायचा कसा? शोधायला लागलेल्या वेळाचे पैसे कोणी देत नाही, फॉरमॅटचे देतात.

भुसावळच्या काकांनी केलं तसं करा. चार दिवस कागदावर लिहा: किती वाजता अडकलं, तेव्हा काय चालू होतं, बाण हलत होता का, लाइट मंद झाली होती का. तो कागद मशीनसोबत आणा. मी पहिल्यांदा माझा चांगला एसएमपीएस लावून बघतो, मग रॅम, मग डिस्क. एका वेळी एकच वस्तू बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. आणि साइड पॅनल उघडं ठेवून मशीन चालवत असाल तर ते लावून टाका. मागच्या पावसाळ्यात एकाच्या एसएमपीएसजवळ पाल चिकटून मेलेली निघाली.