पोर्ट फॉरवर्ड करूनही डीव्हीआर बाहेरून दिसत नाही, तातडीने मदत हवी आहे

बागाईतदार:
तासगावजवळ आमच्या बेदाणा शेडवर चार कॅमेरे आणि त्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर बसवलाय. राउटरमध्ये ८००० आणि ५५४ हे दोन्ही पोर्ट (आत येण्याचे क्रमांकित दरवाजे) डीव्हीआरकडे वळवलेत, डीव्हीआरला १९२.१६८.०.५० हा पत्ता कायम करून दिलाय. शेडच्या वायफायवर चित्र एकदम स्वच्छ. घरून मोबाईलवर काहीच नाही. नॅट (एका बाहेरच्या पत्त्यामागे आतली अनेक उपकरणं चालवणारी सोय) चालू आहे. माल रॅकवर आहे आणि रात्री तिथे कुणी नसतं. काय राहिलंय तेवढं सांगा.

तारायंत्र:
कनेक्शन फायबर की सिमकार्डवर? राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, काय दिसतोय?

सह्यकडा:
तो राउटर काढा, मायक्रोटिक कंपनीचा लावा. बाहेर जाण्यासाठी मास्करेड, आत येण्यासाठी डीएसटी-नॅट, दोन नियमांत काम होतं. आमच्या ऑफिसात कित्येक वर्षं तेच चालू आहे.

तारायंत्र:
सह्यकडा, बाहेरून येणारं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, त्यांच्या राउटरपर्यंत पोचतंय का हेच अजून कळलेलं नाही. राउटर बदलून काय होणार?

बागाईतदार:
फायबर आहे. कंपनीचा पांढरा डबा, त्याला माझा राउटर. वॅन आयपी १९२.१६८.१.४. आता सांगा.

तारायंत्र:
दोन डबे आहेत हेच महत्त्वाचं होतं. म्हणजे नॅट दोनदा होतंय. बाहेरून आलेलं पॅकेट पांढऱ्या डब्यावरच पडतं, कारण ते आत कुणाकडे द्यायचं याची नोंद तिथे नाही. डबा ब्रिज मोडला टाका, म्हणजे तो नॅट न करता फक्त जोडणी पुढे देईल, आणि पीपीपीओई, म्हणजे कंपनीचं लॉगिन, तुमच्या राउटरवर घ्या.

कृष्णाकाठ:
ब्रिज अजिबात नको! आमच्याकडे त्यानंतर डब्यावरचा लँडलाइन फोन बंद पडला. डब्यातच डीएमझी (बाहेरून येणारं सगळं ज्याच्याकडे पाठवायचं तो पत्ता) म्हणून १९२.१६८.१.४ द्या.

निशिगंध:
डीएमझी दिलात तर राउटरवर सगळेच पोर्ट येऊन आदळतील. आणि डीव्हीआर असा उघड्यावर ठेवूच नका. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर मूळ पासवर्ड वापरून ताब्यात घेतले, त्यांच्याकरवी डिन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटरसारख्या मोठ्या साइट्स अडकल्या.

कृष्णाकाठ:
त्यांनी पासवर्डचं विचारलेलं नाही. चित्र कसं दिसेल ते विचारलंय.

रानवाटा:
विषय सोडून विचारतो, यंदा सौद्यात हिरव्या बेदाण्याला काय दर निघतोय?

बागाईतदार:
दराचं नंतर बोलू. डब्यातही दोन्ही पोर्ट १.४ कडे वळवले. तरी काही नाही. शेडच्याच वायफायवरून बाहेरचा आयपी टाकून पाहतोय.

तारायंत्र:
तसं तपासू नका, बऱ्याच राउटरांना आतून बाहेर जाऊन परत आत वळता येत नाही. मोबाईल डेटावर पाहा. आणि पांढऱ्या डब्याचा स्वतःचा वॅन आयपी?

बागाईतदार:
१००.८१ ने सुरू होतो. मोबाईल डेटावरही नाही.

तारायंत्र:
मग अडचण इथे आहे. १००.६४ ते १००.१२७ ही पत्त्यांची पट्टी २०१२ मध्ये कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी राखून ठेवली गेली. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे तुमच्यासारखे अनेक ग्राहक बसवलेत. तो नॅट कंपनीच्या ताब्यात, त्यामुळे शेडमधल्या कुठल्याही सेटिंगने आयपीव्ही४ वरून, म्हणजे अशा चार भागांच्या पत्त्यावरून, आत येता येणार नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा कायमचा सार्वजनिक पत्ता, मागा, नाहीतर डीव्हीआरमधलं पी२पी चालू करा. त्यात डीव्हीआर स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करतो, नॅटमध्ये परतीची नोंद आपोआप होते आणि पोर्ट उघडावा लागत नाही.

सह्यकडा:
पी२पी म्हणजे आपलं चित्र परक्या सर्व्हरच्या भरवशावर. छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन मायक्रोटिकवरून त्याच्यापर्यंत वायरगार्ड (सुरक्षित खाजगी जोडणी) टाका, तो कायमचा उपाय.

तारायंत्र:
उपाय चांगला आहे, पण त्यांना आज रात्री चित्र हवंय.

बागाईतदार:
पी२पी चालू केलं, क्यूआर कोड स्कॅन केला, घरून चारही कॅमेरे दिसतायत. थोडं थांबून येतं, पण येतं. स्टॅटिक आयपीसाठी कंपनी महागडा बिझनेस प्लॅन घ्या म्हणते, सध्या नको.

निशिगंध:
मग दोन्ही डब्यांतले पोर्टचे नियम आजच काढा आणि डीव्हीआरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला.

रानवाटा:
आता तरी दर सांगा.